खाणीखालची पुळण

लग्नानंतर मी लोणावळ्यात आले, तेव्हा धरणासाठी दगड काढलेली खाण ओस पडली होती. तिच्या पडक्या भिंतींमध्ये तलावाचं पाणी शिरून वाळूची छोटी पुळण झाली होती. आम्ही बायका तिथं धुणं धुवायचो. पूर्वी त्या खाणीत सुरुंग लावणारे आबा रोज काठावर बसत. कान गेलेले, म्हणून साधंही ओरडून बोलत. हाताचा तळवा मात्र कातळावर टेकलेला.

एका सकाळी तळव्याला थरथर जाणवली आणि ते ओरडले, "पळा! कडा सुटतोय!"

आम्ही धावलो. मागं भलामोठा धोंडा कोसळला. उसळलेल्या पाण्यानं सगळ्या न्हाऊन निघालो.

आबांनी प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून पाहिलं. "कुणाला लागलं न्हाई ना? मग हसा की!"

माझं लग्नातलं लुगडं धोंड्याखाली गेलं होतं, तरी सर्वांत जास्त मीच हसले.