फ्रीजमधला दिवा

सगळी सोसायटी त्यांना ‘दिवेबंद काका’ म्हणायची. आकाश मोकळं असलं, की झेरॉक्स मशीन दुरुस्त करणारा हा माणूस गच्चीवर कॅमेरा लावायचा आणि दारोदार विनवण्या करत फिरायचा, “तेवढा जिन्यातला दिवा घालवा हो.”

दूरच्या आकाशगंगा टिपायच्या तर कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात तो आपल्या पदरचे ठिपके फोटोत घुसडतो. ते काढायला लेन्सला झाकण लावून, तितक्याच थंडीत काळे फोटो घ्यायचे आणि त्यातलं जे असेल ते खऱ्या फोटोतून वजा करायचं. त्यापायी मोकळं आकाश कोण वाया घालवणार? काका दिवसा कॅमेरा फ्रीजमध्ये ठेवायचे, दुधाच्या पातेल्याशेजारी.

“दार लावलं तरी यातला दिवा जळत राहतो,” काकू सांगायच्या. “पातेल्याचं झाकण कोमट लागतं.”

“आत बसून बघितलंस वाटतं?” काका हसण्यावारी न्यायचे.

त्यांच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक काळपट डाग यायचा. त्याचं खापर काकूंच्या फडक्यावर. “मी हात लावला नाही,” असं त्या किती वेळा म्हणाल्या, पण काकांनी ऐकलं म्हणून नाही.

मग काकू गेल्या. काका रडले नाहीत. लोक म्हणाले, केवढा धीर! धीर कसला, आत काही हलतच नव्हतं. काकूंना बैठकीत लावायला बिनडागाची एक आकाशगंगा हवी होती. तेवढं करून टाकू, म्हणून काकांनी लेन्स स्वतः पुसली आणि सगळे फोटो नव्याने काढले. डाग जागच्या जागी. आता तर घरात फडकं मारणारंही कोणी नव्हतं.

त्यांनी एक काळा फोटो उघडून उजळ केला. कोपऱ्यात उजेड दिसला. तो कॅमेऱ्याच्या मागच्या, डोळा लावायच्या काचेतून शिरला होता, आणि खऱ्या फोटोतून तोच वजा होऊन डाग पडत होता. काकांनी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो फ्रीजमध्ये ठेवला, दार लावलं. नंतर पाहिलं. दार लागल्यावरही दिवा विझला नव्हता.

त्यांनी मुलीला फोन केला. “आई म्हणायची ते खरं होतं. फ्रीजचा दिवा जळतच राहतो.”

“मग दुरुस्तीवाल्याला बोलवा ना, बाबा. मी मीटिंगमध्ये आहे.”

“बरं.”

काकूंनी हे वर्षभर ऐकवलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगितलं असतं. आता ऐकवणारं कोणी नव्हतं, हे काकांना उघड्या फ्रीजसमोर पहिल्यांदा कळलं. त्यांनी पातेल्याच्या झाकणाला बोट लावलं. ते कोमट होतं.