साच्याची नक्षी

राजधानी बगदादला परत गेली आणि सामर्रा ओस पडलं. लोकांनी दारं, तुळया उपटून नेल्या; भिंती तेवढ्या राहिल्या. म्हातारा हरसमा लेकीला, रैताला, घेऊन तिथे आला होता. ती जन्मली त्या वर्षी त्याने सजवलेली खोली तिला दाखवायची होती.

पण जिथे जावं तिथे तीच नक्षी. "इथंच बघ," असं तो चौथ्या घरात म्हणाला, तेव्हा रैता हसली. "बाबा, आणखी किती घरांत जन्मले मी?"

त्याला जोडीदार सुमामा आठवला. ओल्या गिलाव्यात एकेक पान सुरीने कोरत बसायचा. खलिफाला महाल वर्षभरात हवे होते. हरसमाने लाकडी साचा आणला. दाबला की झाली नक्षी. "पानं कोरता कोरता म्हातारा होशील लेका!" असं त्याने सुमामाला चारचौघांत हिणवलं. सुमामाने सुरी गुंडाळली आणि गेला, तो परतलाच नाही.

सातव्या घरात रैता थबकली. भिंतभर द्राक्षवेल चढली होती, त्यातलं एक पान तर किडीने खाल्लेलं कोरलं होतं.

"हीच ना तुमची खोली?"

"ही सुमामाची."

"मग तुमची कुठली?"

"बाकीच्या सगळ्या," हरसमा म्हणाला.