गप्पा बघायला येणारे मिस्त्री

"तोंड इकडं कर, मंग बोल."

मिस्त्री हे दिवसातून पन्नासदा म्हणायचे. आयुष्यभर कापडाचे खडखडते लूम दुरुस्त करून त्यांचे कान पार गेले होते. ओठ मात्र असे वाचायचे, की काचेपलीकडे मालक फोनवर काय बोलतोय ते आम्हाला आधी कळायचं.

ऐंशीच्या दशकात भिवंडीतल्या त्या कारखान्यात मी कापड तपासायला होतो. शुक्रवारी लूम बंद. मग दुपार कलली की मिस्त्री आम्हा दोघातिघांना एका म्हाताऱ्याच्या होडीत घालून खाडीतल्या बेटावर न्यायचे. तिथे माडीचं केंद्र होतं. नारळाच्या झापांचं छप्पर, डुगडुगणारी बाकडी, तळलेले बोंबील आणि कुणाची तरी ढोलकी. मिस्त्री एकच ग्लास घेऊन संध्याकाळभर पुरवायचे.

"माडी कुठंबी मिलते," ते म्हणायचे. "हितं मी गप्पा बघाया येतो."

लांबच्या बाकड्यावरचं बोलणं ते आम्हाला जसंच्या तसं सांगायचे. "तो पिवला शर्ट म्हणतोय, बायको माहेरी गेली, जेवन जात न्हाय. चौथा बोंबील हाय त्याचा." एकदा कोपऱ्यातले दोन भाऊ हलक्या आवाजात बोलत होते. मी विचारलं, "काय म्हणतायत?" मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाठ केली. "घरातलं हाय. आपलं न्हाय."

एका शुक्रवारी ढोलकी अशी रंगली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. मिस्त्री खाडीकडे बघत होते. एकदम उठले.

"होडीवाला दोर मागतोय."

आम्ही हसलो. त्यांनी थांबून समजावलं नाही. विहिरीचा दोर सोडला, एक फळी उचलली आणि काठाकडे धावले. ओहोटी लागली होती. होडी ढकलताना म्हातारा होडीवाला छातीपर्यंत चिखलात रुतला होता. मिस्त्री फळीवर पालथे पडून सरपटत गेले आणि त्याच्या काखेतून दोर बांधला. तोवर आम्ही पोचलो. सातआठ झिंगलेल्या माणसांनी तो दोर कसा ओढला, देव जाणे. म्हातारा बाहेर आला तो चिडूनच.

"कवाचा बोंबलतोय. सगलेच बहिरे हाव काय रं?"

मिस्त्रींनी चेहऱ्यावरचा चिखल पुसला. "न्हाय. मी एकलाच."

पुढे नव्वदच्या दशकात मी नोकरी बदलली, भेटी तुटल्या. मिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा शेलार गावात त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रींच्या बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी चहा दिला.

"ह्यांचे कान गेले तवापासून रात्री दिवा लावल्याबिगर आमचं बोलनं झालं न्हाय," त्या म्हणाल्या. "घासलेट संपलं, की भांडन बी सकालवर."

बोलता बोलता अंधारून आलं. घरात बटण होतं, बल्ब होता. बाई उठल्या नाहीत. तशाच अंधारात बसून त्या मला मिस्त्रींबद्दल सांगत राहिल्या.