सायबाच्या डायरीबरहुकूम जगणारे तात्या

माझ्या पोरीचे व्हट निळे! निळेशार! कडब्याच्या गंजीपाशी बसलेली, आन कालच तिथं घोणस निघालेली. मी तिला उचललं, बोंबलत सुटले, "तात्या, धावा, पोरीला साप चावला!" तर ओट्यावर आमचे चुलत सासरे, तात्या, कोट घालून बसलेले. त्यांनी घड्याळ बघितलं आन वहीत लिवलं. लिवलं, बरं का! उठले न्हाईत.

अख्ख्या अवसरी बुद्रुकात असला बिनकामाचा माणूस दुसरा न्हाई. पुण्यात कुठल्याशा वाचनालयात कारकून व्हते. तिथं दीडशे वर्सांमागच्या कुण्या इंग्रज सायबाची डायरी घावली, आन तवापासून तो सायब जसा जगला तसं हे जगत्यात. सायब चारला च्या प्यायचा, म्हणून ह्यांना चारलाच च्या, मग मी कांद्याच्या वाफ्यात का असंना. सायब जेवायच्या आधी कपडे बदलायचा, म्हणून हे पिठलं-भाकरीसाठी कोट चढवत्यात, मे म्हैन्यात! सायब बायांना टोपी काढून सलाम करायचा. ह्यांनी माझ्या जावेला केला, तिच्या डोक्यावर गवताचा भारा, ती अशी दचकली की भारा शेळीवर. आन दौत-टाक घेऊन रोज लिवायचं काय, तर 'वारा पश्चिमेचा. शेजारची कोंबडी उदास.' मी सातवीपत्तुर शिकले, पर कोंबडीची उदासी लिवायची नसती एवढं मलाबी कळतं.

तर आमच्या मालकांनी गाडी काढली, मंचरचा दवाखाना गाठला. डॉक्टर पोरीच्या अंगावर सापाचे दात हुडकत व्हते. तेवढ्यात दुधाच्या टेम्पोतनं तात्या उतरले. अनवाणी. टोपी न्हाई, कोट न्हाई. वही उघडून वाचायला लागले, "दोन चाळीस. नात भेटीस आली. दौतीत बोट बुडवून चाटले. चव पसंत पडली असावी. तीन. सूनबाईंचा आरडाओरडा. साप कोठे, समजले नाही."

नर्सबाईनं ओला कापूस फिरवला. कापूस निळा. "अहो ताई, शाई आहे ही!" सगळा दवाखाना हसला. मी न्हाई हसले.

"तात्या, बघत बसला? लिवत बसला? तिचा हात धराया नाय आला तुमाला?"

"चुकलं गं पोरी," मला म्हणले. असं आपल्यासारखं बोलताना मी त्यांना पयल्यांदाच ऐकलं.

तवापासून दौत पालथी हाय. च्या देईन तवा पित्यात, बशीत वतून. खोलीला आतून कडी. पोरगी रोज दुपारी दारावर थापा मारती, "ताता, ताता!" आतून आवाज येतो, "सूनबाई, न्या तिला. माझा भरवसा न्हाई." मी उचलाया गेले की ती चौकट सोडत न्हाई. आन आत खुर्ची सरकती, पावलं दारापत्तुर येत्यात, थांबत्यात. मला राग हाय आजून. भ्या तर लईच हाय. पर त्या दाराच्या दोन्ही अंगाला दोघं उभी, आन मधी मी. 'कडी काढा' म्हणू, का पोरीला घेऊन जाऊ? बायांनो, तुमी काय केलं असतं?