पेशंट कुठाय?

दवाखान्यात माणूस जितकं कमी हलतं, तितकं त्याच्याभोवती जास्त घडतं, असं माझं आता मत झालं आहे. रोज चार ओळी लिहून ठेवायची मला लग्नाआधीपासूनची सवय. एरवी चौथी ओळ भरायला भाजीचे भाव लिहावे लागतात. त्या दिवसांत मात्र चार ओळींत काही मावेना. एक लिहून होतंय तोवर दुसरं दारात उभं!

आधी एवढं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं वय बेचाळीस. लग्नाला सतरा वर्षं झालेली. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हातातून गेलं. हे तिसरं. सातव्या महिन्यात एका सकाळी गिऱ्हाइकाचं ब्लाउज कापताना कळा सुरू झाल्या आणि अॅडमिट व्हावं लागलं. मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, म्हणाल्या की बाळाची फुप्फुसं अजून तयार नाहीत, त्यासाठी इंजेक्शनं देऊ, पण जितकं आत राहील तितकं चांगलं. तुम्ही फक्त डाव्या कुशीवर पडून राहा.

आयुष्यात पहिल्यांदा मला पडून राहायचं काम मिळालं होतं. आणि नेमकं तेवढंच कुणी करू देईना.

*

सुरुवात काउंटरपासूनच झाली. मी आणि सासूबाई रिक्षातून उतरलो. खड्डे कसे चुकवायला हवे होते हे सासूबाई रिक्षावाल्याला समजावत बाहेरच थांबल्या. मी कशीबशी आत जाऊन काउंटर धरून उभी राहिले. तिथल्या मुलीनं माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "पेशंट कुठाय?"

मी म्हटलं, मीच.

ती फार समजूतदारपणे म्हणाली, की मावशी, तुमचं आपण नंतर बघू, आधी डिलिव्हरीच्या पेशंटचं नाव सांगा. मी म्हटलं, डिलिव्हरीची पेशंट मीच. तेवढ्यात एक कळ आली आणि मी वाकले. तेव्हा कुठे तिनं पेन उचललं. तरी फॉर्मवर "पेशंटशी नातं" या रकान्यापाशी थांबून तिनं माझ्याकडे एकदा पाहिलंच.

*

वॉर्डात शैला सिस्टर होत्या. कडक बाई. दुसऱ्याच सकाळी त्यांनी मला हलवून उठवलं आणि नातेवाइकांनी कॉटवर झोपायचं नाही म्हणून झापलं. मी पेशंट आहे म्हटल्यावर त्यांनी चादर बाजूला करून पोट बघितलं, खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "मग तोंडानं काय सांगालाय? सलाईनचा हात वर करून दाखवायचा की."

तेव्हापासून कुणीही आलं की मी आधी हात वर करायची.

त्याचाही उपयोग झाला नाही. शेजारच्या कॉटवर कागलची प्रियांका होती, बीपी वाढलं म्हणून ठेवलेली. वय एकवीस. राउंडला आलेल्या नव्या डॉक्टरांनी आमच्या दोघींच्या मधे उभं राहून माझी फाईल उघडली आणि सगळी वाचून दाखवली ती प्रियांकाला. वय बेचाळीस, आधी दोन वेळा गर्भपात, थायरॉइड, सगळं. ती बिचारी मान हलवत ऐकत राहिली. ते पुढच्या कॉटकडे गेल्यावर तिनं हळूच मला विचारलं, "काकू, मी एवढी थकल्यागत दिसतीय व्हय?"

प्रियांकाची आई माझ्याहून चार वर्षांनी लहान निघाली. तोवर ती मला मावशी म्हणत होती. वय कळल्यावर तिनं मावशी म्हणणं सोडलं आणि मग ती मला काहीच म्हणेना. काही हवं असलं की नुसती टाळी वाजवायची.

या सगळ्याची मजा सासूबाईंना. कुणी चुकलं की त्या एका शब्दानं दुरुस्त करायच्या नाहीत. पदर तोंडाला लावून गदगदा हसायच्या आणि मग तो किस्सा अख्ख्या वॉर्डाला सांगून यायच्या. मी चिडले की म्हणायच्या, लोकांस्नी डोळं हाईत त्याला मी काय करू.

*

भेटायला येणाऱ्यांचं तर काय सांगू. येणारा प्रत्येक जण मला उठवून आराम करायला सांगायचा.

माझी नणंद आली, ती माझ्या पायावरच बसली. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू आल्या आणि शहाळ्याचं पाणी पी म्हणाल्या. त्यांच्यामागून आलेल्या माझ्या वहिनी म्हणाल्या, की शहाळं अजिबात नको, बाळाला सर्दी होते. दोघींचं तिथंच जुंपलं. मी डाव्या कुशीवर, त्यामुळे मला फक्त शहाळंवाल्या काकू दिसत होत्या. वहिनींचा नुसता आवाज येत होता.

एका रविवारी सासूबाई बरणीतून पांढरा रस्सा घेऊन आल्या. अंगात ताकद यायला म्हणून. बरणी पिशवीत, पिशवी पदराखाली. पण रस्सा कोल्हापूरचा, तो थोडाच लपणार! वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला शैला सिस्टरनी मान वर केली आणि वास घेत घेत बरोबर माझ्या कॉटपाशी आल्या. हा दवाखाना आहे का खानावळ, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. सासूबाईंनी शांतपणे झाकण उघडून त्यांच्यापुढे धरलं. सिस्टर बरणी जप्त करून घेऊन गेल्या.

संध्याकाळी बरणी परत आली. धुऊन. बरोबर निरोप, की मीठ जरा जास्त होतं, पेशंटला चाललं नसतं.

*

आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मिस्त्री आहेत. सगळं आयुष्य ओतकामात गेलं, त्यामुळे त्यांना जगातली कुठलीही गोष्ट साच्यात घालून बघितल्याशिवाय कळत नाही. मॅडमनी त्यांना समोर बसवून फुप्फुसांचं सगळं सांगितलं. कागदावर चित्र काढलं. हे मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे कास्टिंग निवायच्या आधी साचा फोडायचा न्हाय."

मॅडमनी एकदा आपल्या चित्राकडे पाहिलं आणि हो म्हणाल्या.

ह्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. दर भेटीत ते मॅडमना नवीन प्रश्न विचारायचे. आत टेंपरेचर किती असतं? वजन रोज किती वाढतं? एकदा तर, तयार व्हायच्या आत निघालंच तर परत आत ठेवता येतं का, असं विचारलं. मॅडमनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचं काम कसं करायचं ते मी तुम्हाला विचारते का?"

हे म्हणाले, "विचारा की."

*

मग रक्ताचं झालं. ऐनवेळी लागलं तर असावं म्हणून मॅडमनी एका बाटलीची सोय करून ठेवायला सांगितली. एका. हे ह्यांनी तालमीत सांगितलं. आमच्या पेठेतल्या तालमीचं मंडळ म्हणजे फुटबॉलची मॅच असो नाहीतर मयत, माणूस कमी पडू द्यायचं नाही हे एकच धोरण.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या दारात मोटारसायकलींची रांग लागली. सगळे मंडळाच्या टी-शर्टात. दंड भरलेले, मिश्या पिळलेल्या. वॉचमनला काय वाटणार? कुणाचं तरी पेशंट दगावलं आणि आता काचा फुटणार. त्यानं शटर ओढून घेतलं. आतल्या लोकांनी बाकं सरकवून दाराला लावली. शैला सिस्टरनी पोलिसांना फोन लावायला सगळ्या मोबाईलवाल्यांना एका कोपऱ्यात उभं केलं.

मंडळाचे अध्यक्ष शटरपाशी आले, हात जोडले आणि मोठ्यानं ओरडले, की घाबरू नका, आम्ही रक्तासाठी आलोय.

आतून वॉचमननं विचारलं, "आमच्या का तुमच्या?"

*

आता फोटोचं सांगते.

माझ्या डोहाळजेवणाचा दिवस आधीच ठरलेला होता. सतरा वर्षं सासूबाई गल्लीतल्या सगळ्यांच्या सुनांच्या ओट्या भरत आल्या होत्या, तेव्हा ह्या कार्यक्रमात त्या काही कमी करणार नव्हत्या. मी दवाखान्यात असल्यानं तो रद्द होईल असं मला वाटलं होतं. सासूबाईंना तसं वाटलं नाही. बायका सांगून झाल्यात, आचारी ठरलाय, फुलांचा झोपाळा यायचाय. तू फोनवर दिस म्हणाल्या.

वॉर्डात त्या दिवशी रेंज नव्हती. मग घरी त्यांनी कपाटावरचा माझा मोठा फोटो काढला, पुसला आणि झोपाळ्यावर ठेवला. त्याला हिरवं पातळ गुंडाळलं. फुलांचे दागिने माणसाच्या मापाचे होते, ते फोटोवर बसेनात, म्हणून मोगऱ्याचा नुसता हार घातला. काचेला कुंकू लावलं. पुढे निरांजन ठेवलं. आणि हे सगळं फार छान दिसतंय म्हणून मोबाईलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्यांना टाइप करता येत नाही. त्यांनी खाली फक्त हात जोडलेली खूण पाठवली.

ग्रुपवर शाहूवाडीचे मामा आहेत. सासूबाईंचे धाकटे भाऊ. मी दवाखान्यात आहे हे त्यांना माहीत होतं. अशा वेळी फोन करून विचारायचं तरी काय? त्यांनी जीप काढली, भावकीतली माणसं घेतली आणि थेट दवाखाना गाठला.

मी त्या वेळी चिकू खात होते. दारात मामा आले. खांद्यावर टॉवेल, डोळे लाल, मागे डझनभर माणसं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. सवयीनं मी सलाईनचा हात वर केला.

मामा भिंतीला टेकले.

मग टॉवेलनं डोळे पुसून ते म्हणाले, "सुरेखा, तू हैस व्हय?"

मी आहे म्हटलं. मग सगळा उलगडा झाला. मामी रडायला लागल्या, म्हणजे आधीपासून रडतच होत्या, त्या आता आनंदानं रडायला लागल्या. शैला सिस्टरनी बाराजणांना एकदम आत कुणी सोडलं म्हणून आवाज चढवला. सकाळपासून कुणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, तेव्हा ती सगळी वरात तशीच आमच्या घरी डोहाळजेवण जेवायला निघाली. प्रत्येक जण जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. मामा सगळ्यांत शेवटी होते. दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "फोटो मातर झ्याक आलाय."

मी हसले. चिकू हातात धरून हसले, पोट धरून हसले, प्रियांका हसली, तिची आई हसली. आणि त्या हसण्यातच मला कळ आली.

*

मॅडमनी नंतर स्पष्ट सांगितलं, की हसण्यानं असं काही होत नसतं, वेळ आली होती. इंजेक्शनं देऊन झाली होती, तेवढं बरं झालं. पण सासूबाई अजून मामांशी धड बोलत नाहीत.

मुलगी झाली. मी तिला नीट पाहिलंसुद्धा नाही. दोन तळहातांत मावेल एवढं काहीतरी सिस्टरच्या हातातून माझ्यासमोरून गेलं. ते रडलं नाही. तिला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी. आमच्या ह्यांनी फक्त एकच विचारलं, की पेटीचं टेंपरेचर कोण बघतं. मॅडमनी ह्या वेळी न चिडता सांगितलं.

त्या खोलीत आईशिवाय कुणालाही सोडत नव्हते. सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून त्या दारासमोरचं बाकडं धरलं होतं. दार उघडलं की मान लांब करायच्या. आतला पडदा काही हलायचा नाही. किस्से सांगायला त्या वॉर्डात खाली येईनाशा झाल्या होत्या.

मला चालता यायला लागलं आणि मी झाकणाच्या वाटीत अंगावरचं काढलेलं दूध घेऊन पहिल्यांदा वर गेले. दारावर तोच वॉचमन होता, शटर ओढून घेणारा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात आडवा केला. आज्यांना आत सोडत नाही म्हणाला, वाटी ठेवा आणि पेशंटला पाठवा.

मला सांगायचं होतं. पण इतके दिवस सगळ्यांना सांगून सांगून माझ्यात त्राण उरलं नव्हतं. सलाईनही काढलेलं, हात कुठला वर करणार? मी वाटी घेऊन नुसती उभी राहिले.

मागून बाकडं वाजलं. सासूबाई उठल्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

"पावणं," त्या म्हणाल्या, "आई ही हाय. आज्जी मी हाय. मला सोडू नगा. हिला आडवू नगा."

त्यानं हात काढला. सासूबाईंनी माझा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "जा. माझ्या वाट्याचं बी बघून ये. आनि रडतीया का तेवढं ऐक."

मी आत गेले. तिच्या नाकातली नळी काढलेली होती. सिस्टरनी तिच्या तळपायाला टिचकी मारली.

बाहेर आले तेव्हा सासूबाई दाराला चिकटून उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "रडली?"

मी म्हटलं, रडली. मोठ्यानं रडली.

वॉचमन मधेच म्हणाला, "आज्जी, हितपतोर ऐकू आलं की. तुमीबी ऐकलासा."

"तू गप," सासूबाई त्याला म्हणाल्या. मग माझ्या हातातली रिकामी वाटी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

"हं. परत सांग."