मारोतरावांची मूठ

मारोतराव इंगळे यांचं नाव आधी लिहितो. माझं काय झालं ते मागून, कारण ते नसते तर पुढचं काही झालंच नसतं. मी मुंबईला निघालो तेव्हा भिलाईच्या फलाटावर मला सोडायला तेवढे एकटेच आले होते. बाबा रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे; ते ड्युटीवर. गाडी केबिनजवळून गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण शेवटचा डबा जाईपर्यंत हिरवी झेंडी खाली केली नाही. नियमच आहे तसा. तरी मी आजवर तीच आठवत बसतो.

आदल्या दिवशी बाबा म्हणाले होते, "शाळा सोडली, आता नोकरीबी सोडून राहिला. मंग धरशील काय?"

मारोतरावांनीच त्यांना थोपवलं. "भाऊ, सहा महिने जाऊ द्या त्याले. नाही जमलं तर माह्या ग्यांगमधी जागा हाये. माही जबान हाये."

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा मारोतराव क्रेनला इशारे देत. वर लोखंडी तुळई लटकलेली, खाली इतका आवाज की ओरडून उपयोग नाही. मग हातानेच बोलायचं. मूठ आवळून वर गेली की जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं. आठवीत शाळा सोडल्यावर मी त्यांच्या हाताखाली लागलो. "शाळेतलं सारं विसरला तरी चालते, पोट्ट्या. नजर हुकावरून हटाले नाही पाहिजे."

कामगारांच्या कॅम्पमधल्या गणपतीत नाटक झालं. मी दोन वाक्यांचा नोकर. मारोतराव म्हणाले, "राजा बोलून राहिला होता आन् लोकं तुह्याकडं पाहून राहिले होते. तू जाय." त्यांचा मेहुणा मुंबईला एका स्टुडिओच्या कपडेपटात होता. त्याच्या नावाची चिठ्ठी दिली.

पहिल्याच शॉटमध्ये चहाचा ट्रे घेऊन नायकामागून जायचं होतं. दिग्दर्शकाने दिवेवाल्याला काही सांगायला मूठ वर केली आणि मी वाकलेला तसाच थिजलो. सेटवर हशा पिकला. दिग्दर्शक हसले नाहीत. "ये आदमी खड़ा रहना जानता है," म्हणाले.

तेव्हापासून मी उभाच आहे. मुनीम, हवालदार, पोस्टमास्तर. पंचविशीच्या आत पांढऱ्या मिशा लावून नायिकेचा बाप झालो. मोठे नट आता विचारतात, सीनमध्ये समोर कोण? माझं नाव ऐकून त्यांना बरं वाटतं. मान आहे, खोटं कशाला बोलू. पण बूड टेकत नाही. खुर्ची दिली तर काठावर बसतो. वाटतं, कोणीतरी येऊन म्हणेल, ऊठ, आठवीतून पळालेला तू, ही तुझी जागा नाही. खोलीतली ट्रंक मी अजून पूर्ण रिकामी केलेली नाही. भिलाईला आलो तरी तेच, तिथेही पाहुण्यासारखं वाटतं. आमच्या ग्यांगने चढवलेल्या तुळया आता छपराआड गेल्या; कोणाला दाखवू?

परवा मारोतरावांचं पत्र आलं. "दुर्गच्या टाकीजमधी तुले पाहिलं. हिरो बोलून राहिला होता, तू हुकाकडं पाहावं तसा पाहून राहिला होता. तुही काकू म्हणे, याले बोलाले कावून नाही देत? म्या म्हटलं, बोलनारे लय हायेत. पन लेका, एवढ्या पिक्चरमधी लोखंड उचलनारा मानूस कुठीच कावून नाही? माहे डोळे अंधुक होऊन राहिले. दाखवशील तं लवकर दाखवजो."

पत्र खिशात घालून एका निर्मात्याकडे गेलो, लोखंड उचलणाऱ्या माणसावर सिनेमा काढा म्हणालो. ते म्हणाले, "मज़दूर तो भीड़ में होते हैं." मी उठून आलो. उद्या दुसऱ्याकडे जाणार आहे.

घर म्हटलं की मला आता क्वार्टर आठवत नाही. डोक्यावर ओझं लटकलेलं असताना माझ्यासाठी मूठ आवळून उभा राहिलेला माणूस आठवतो. मारोतराव, एक दिवस मिशा न लावता क्रेनखाली उभा राहीन आणि तुमचे हात पडद्यावर नेईन, अंधुक डोळ्यांनाही दिसतील एवढे मोठे. तुम्हाला टाकीजमध्ये मीच हाताला धरून नेईन. तोवर डोळे सांभाळा.