इंजिनाला दिलेला शेक

नावेत घोट्याच्या वर पाणी होतं, गोधडी पेटली होती, आणि सासूबाई शेगडी उचलून मला विचारत होत्या, "हाई कोठे ठेवू वं?" (पाणी मीच आत घेतलं होतं. विस्तवही मीच आणला होता.)

प्रकाशा गावाला तापीवर माणसं पलीकडे उतरवायची आमची नाव. नवऱ्यानं सुरतेहून जुनं तेलाचं इंजिन आणून तिच्या पोटात बसवलं. माघात नणंदेच्या लग्नाचं वऱ्हाड इंजिनाच्या नावेनं आणू, असं व्याह्यांना सांगून झालं. पौषभर इंजिन बंद. मिस्त्री बजावून गेला होता : आतलं पाणी काढा, तेल लावा, झाकून ठेवा, नाहीतर थंडीनं तडकेल. तापी गोठल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण इंजिन तडकलं तर व्याही हसतील, ही धास्ती मोठी.

नवरा गेला शहाद्याला. मी चौथी शिकलेली, म्हणजे घरातली इंजिनिअर मीच!

सासूबाईंनी आठ बाळंतपणं काढलेली. त्या म्हणाल्या, "बाळंतीणले जे करतस, तेच कर याले." मग आम्ही इंजिनाला तिळाचं तेल चोळलं, धुराड्याला फडकं बांधून कान झाकले, माझ्या माहेरची गोधडी पांघरली आणि खाली ओवा टाकून शेगडी सरकवली. तेव्हा मला पाणी आठवलं. तोट्या दोन. मिस्त्रीनं लहान दाखवली होती, पण तिच्यातून नुसते थेंब येत. मी घाईची. मोठी उघडली. ती नदीचं पाणी आत घ्यायची होती.

"कितलं पानी शे वं याना पोटमा!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा मला कळलं. तोटी चाचपायला वाकले, तर पदरानं गोधडी ओढली जाऊन शेगडीत पडली. तोटी काही सापडली नाही. नाव बसत गेली, पाणी चढत गेलं आणि आग आपोआप विझली. माझी एक चूक दुसरीच्या कामी आली.

नवरा आला तेव्हा नाव कमरभर पाण्यात तळाला टेकली होती.

"इंजिनातलं पानी काढं का?" त्यानं विचारलं.

"इंजिनातलं काढं. नदीतलं ऱ्हायी गयं," मी म्हणाले.

माघात वऱ्हाड त्याच नावेनं, पाणी उपसून वर काढलेल्या, ओव्याच्या वासात आलं. मला मात्र खालच्या अंगाच्या उथळ पाण्यातून पायी चालवत नेलं, तोट्यांपासून लांब. गोधडी सोडून सगळे वाचले : सासूबाई, नाव, इंजिन आणि मी.